पडदा बदलायला गेला आणि बोर्ड उखडला: गेम बॉय ॲडव्हान्सची दुरुस्ती, पायरीपायरीने

जूनच्या पहिल्या पावसात भाचा परळला आमच्याकडे आला आणि ओल्या बॅगेतून त्याने जेवणाचा डबा काढला. डब्यात टिशू पेपरात गुंडाळलेला जांभळा गेम बॉय ॲडव्हान्स, म्हणजे निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम होता, पूर्ण सुटा केलेला. स्क्रू औषधाच्या बाटलीत. म्हणाला, "मामा, फक्त पडदा लागत नाहीये. बाकी सगळं ठीक आहे."

बाकी काहीही ठीक नव्हतं. एक पॅड (वायर जोडायचा तांब्याचा ठिपका) मुळासकट उखडलेलं, पॉवर स्विचच्या पायांत सोल्डरची (सांधे जोडायच्या कथील-शिशाची) गोळी अडकलेली, आणि बोर्डवर करपलेल्या फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायच्या लेपाचा) असा थर की दुधाची पातेली लागावी. त्यात ठाण्यातल्या एका दुकानदाराने "बघतो" म्हणत हॉट एअर, म्हणजे गरम हवेचा झोत मारून एल बटणाच्या स्विचचं प्लास्टिक वितळवलं होतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

हा गेम बॉय त्याच्या बाबांनी दुबईहून आणलेला. त्यामुळे "टाकून दे, दुसरा घे" म्हणायची सोय नव्हती. चार संध्याकाळी लागल्या, पण चालू झाला. ते काम कसं केलं ते इथे क्रमाने लिहितो. उदाहरण गेम बॉयचं असलं, तरी पॅड, प्रिंट (बोर्डवरची तांब्याची रेघ) आणि शॉर्टचं (नको तिथे जुळलेल्या लाइनीचं) गणित कुठल्याही कन्सोलच्या बोर्डला लागू आहे. घरच्या २३० व्होल्टवर चालणाऱ्या, पोटात पॉवर सप्लाय असलेल्या कन्सोलपासून मात्र नवख्या माणसाने लांब राहावं. गेम बॉय दोन पेन्सिल सेलवर चालतो. चूक झाली तर बोर्ड जाईल, माणूस जाणार नाही.

मुळात फसतं काय?

गेम बॉय ॲडव्हान्स २००१ साली आला. २४० बाय १६० ठिपक्यांचा पडदा, पण मागे दिवा नाही. ट्यूबलाइटखाली विशिष्ट कोनात धरला तरच दिसायचं. लोकलमध्ये बोगदा आला की खेळ आंधळा. म्हणून आता लोक त्यात आतून उजळणारा आयपीएस जातीचा पडदा बसवतात. पडदा बसवणं सोपं असतं, रिबन, म्हणजे चपटी वायरपट्टी, खोबणीत सरकवली की झालं. गडबड होते ती पुढे. उजेड कमीजास्त करायची सोय हवी असेल, तर अनेक किटमध्ये तीन बारीक वायरी सोल्डर कराव्या लागतात. सिलेक्ट बटण दाबून वरच्या कोपऱ्यातलं डावं एल किंवा उजवं आर बटण दाबलं की उजेड बदलतो, त्यासाठी ही तीन बटणं किटला कळायला हवीत. बोर्डवर त्यांची टेस्ट पॅडं आहेत: सिलेक्टचं टीपी २, आरचं टीपी ८, एलचं टीपी ९.

ही पॅडं तिळाएवढी. बोर्डवरच्या तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्या निम्म्याने. तो फायबरच्या पाट्याला चिकटवलेला असतो आणि हा पाटा १३०-१४० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक साडेतीनशे अंशांना. दोन-तीन सेकंदांत काम आटोपलं तर पॅडला पत्ता लागत नाही. दहा सेकंद दाबून धरलं की पकड सुटते. मग वायरीला जरा हिसका बसला की पॅड वायरीबरोबर वर. भाच्याने नेमकं हेच केलं होतं. वायर लावली, पडदा उलटा करून बघायला गेला, वायर तोकडी, आणि टीपी ९ हातात.

पहिली पायरी: थांबा

सेल काढा. "एकदा लावून बघू" हा मोह सगळ्यात महाग पडतो. शॉर्ट असलेल्या बोर्डला दुसऱ्यांदा करंट दिला की एका फ्यूजवर भागलं असतं तिथे चिप जाते.

मग मोबाइलने फोटो काढा. दोन्ही बाजूंनी, खिडकीच्या उजेडात, आणि मग टॉर्च आडवा धरून. आडव्या उजेडात उचललेल्या प्रिंटची सावली पडते, सरळ उजेडात ती दिसत नाही. शाबूत बोर्डचे चांगले फोटोही मिळवून शेजारी ठेवा आणि दोन्हींत फरक शोधा. एखादा खसखशीएवढा कपॅसिटर जागेवर नसेल, तर तो इथेच कळतो. आमच्या बोर्डवर सगळे भाग होते. भाच्याने औषधाची बाटली पालथी केली तर तळाशी एक तपकिरी दाणाही निघाला. बराच वेळ भिंगातून बघितल्यावर तो मोहरीचा निघाला.

सामान

नमनाला घडाभर तेल नको. तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन, बारीक छिन्नीसारखं टोक, ६३-३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) बारीक सोल्डर, सिरिंजमधला चांगला फ्लक्स, डीसोल्डर विक (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळीपट्टी), ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॅप्टन टेप (ताप सोसणारी कॅप्टॉनची टेप), इनॅमलची ०.१ ते ०.२ मिलिमीटरची तांब्याची तार, सर्जिकल ब्लेड, चिमटा, भिंग, आणि बीप वाजवणारा मल्टिमीटर. स्क्रूसाठी तीन पात्यांचा ट्राय-विंग स्क्रूड्रायव्हर लागतो. सेलच्या खणातला एक तेवढा साधा फिलिप्सचा.

हे सगळं ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी दुकानदाराला ते नाव सांगाल तर तोच तुमच्याकडे बघत राहील. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. फ्लक्स घेताना नळजोडणीची आम्लाची पेस्ट गळ्यात पडू देऊ नका, ती तांबं खाते. "मोबाइल रिपेअरिंगवाला फ्लक्स" म्हणालात की बरोबर वस्तू समोर येते.

येताना चोरबाजारात वाट वाकडी करून एखाद्या मेलेल्या डीव्हीडी प्लेअरचा बोर्ड भंगारात उचला. सराव त्याच्यावर करायचा. ज्याने आयुष्यात एकही पॅड मुद्दाम उखडून परत जोडलेलं नाही, त्याने गेम बॉयला हात लावू नये, हे माझं स्पष्ट मत.

आयर्नबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. दोन पिनांच्या स्वस्त आयर्नच्या टोकावर गळतीचा व्होल्टेज असू शकतो. आमच्यासारख्या जुन्या चाळीत अर्थिंग आहे की नुसतं तिसरं भोक आहे, हेही तपासावं लागतं. तीन पिनांचं स्टेशन घ्या. अनप्लग करून, थंड असताना, टोक आणि प्लगची जाडी पिन यांच्यात बीप येतो का बघा. येत नसेल तर ते स्टेशन या कामाला नको.

दुसरी पायरी: धुणं

लोक हे काम शेवटी करतात. मी आधी करतो. करपलेल्या फ्लक्सखाली काय दडलंय ते दिसल्याशिवाय निदान करणं म्हणजे घोंगडीखालच्या माणसाची नाडी बघणं.

अल्कोहोलमध्ये भिजवलेला जुना मऊ टूथब्रश, एकाच दिशेने, हलक्या हाताने. उखडलेल्या पॅडच्या आसपास ब्रश अजिबात नको, तिथे कापसाची काडी टेकवून नुसतं टिपायचं. लोंबकळणारी प्रिंट ब्रशच्या केसात अडकली तर जे उरलंय तेही जाईल. खिडकी उघडी, गॅस बंद, देवघरातला दिवाही विझलेला. अल्कोहोलची वाफ पेटते.

जुन्या वायरी काढताना ओढायच्या नाहीत. प्रत्येक सांध्यावर आधी फ्लक्स, मग थोडं नवं सोल्डर, आणि सगळं पातळ झालं की वायर आपोआप उचलली जाते. ६३-३७ चं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे. जुन्या सांध्यात नवं मिसळलं की त्याचा वितळबिंदू खाली येतो आणि पॅडला कमी ताप बसतो.

फ्लक्स कशाला, असं भाच्याने विचारलं. त्याने कल्हईवाला पाहिलेला नाही. आमच्या लहानपणी गल्लीत भाता घेऊन यायचा. पातेलं तापवून आधी नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, आणि मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाने फिरवला की पातेलं चांदीसारखं. नवसागराने तांब्यावरचा मळ गेला नसता तर कथील नुसतं गोळ्या होऊन घरंगळलं असतं. बोर्डवर फ्लक्स म्हणजे तोच नवसागर. सोल्डर गोळी होऊन बसतंय, पसरत नाहीये, असं दिसलं की आयर्नचं तापमान वाढवू नका, फ्लक्स वाढवा.

तिसरी पायरी: मल्टिमीटरने नकाशा

या लेखातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या. पॅड गेलं म्हणजे लाइन गेली असं नसतं. पॅड हे फक्त स्टेशन. रूळ पुढे-मागे गेलेले असतात आणि त्याच लाइनवर दुसरी स्टेशनं असतात. दादरला फलाट उखडलेला असेल तर परळला चढायचं.

म्हणून आयर्न बाजूला ठेवून आधी कागदावर नकाशा काढा. टीपी ९ हे एल बटणाचं पॅड. तीच लाइन बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातल्या एल स्विचच्या एका पायाला जाते आणि दुसरीकडे मुख्य चिपला. स्विचचा दुसरा पाय ग्राउंडला. गेम बॉयची बटणं लाइन ग्राउंडला टेकवतात. न दाबलेलं असताना लाइनवर साधारण ३.३ व्होल्ट, दाबलं की शून्य. म्हणजे उजेडाची वायर टीपी ९ ऐवजी एल स्विचच्या त्या पायाला लावली तरी किटच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. आणि तो पाय पॅडपेक्षा कितीतरी मोठा आणि दणकट.

ग्राउंड कुठला हे ओळखायला सेलच्या ऋण पट्टीवर मीटरची एक काडी ठेवायची. जिथे बीप वाजतो तो ग्राउंड. मग स्विचचा जो पाय बीप देत नाही, पण बटण दाबल्यावर देतो, ती आपली लाइन. हे सगळं सेल काढलेले असताना.

आमच्याकडे गोची अशी, की पॅड उखडताना त्याला लागून असलेली प्रिंटही दीड-दोन मिलिमीटर निघून आली होती. स्विचचा पाय आणि चिपकडे जाणारा उरलेला तुकडा यांच्यात बीप नाही. म्हणजे उजेडाचं सोडाच, गेममध्ये एल बटणही मेलेलं. अशी प्रत्येक संशयित लाइन तपासून वहीत दोन रकाने केले: चालू, तुटलेली. शेजारच्या लाइनी आपसांत चिकटल्या नाहीत ना, हेही बघितलं. बीप हवा तिथे नाही हा एक आजार, नको तिथे आहे हा दुसरा.

तिसरी तपासणी शॉर्टची. गेमची कॅसेट बसते त्या खोबणीत ३२ पिना आहेत. एका टोकाची पिन पुरवठ्याची, दुसऱ्या टोकाची ग्राउंडची. ग्राउंडची कोणती ते मघाच्याच युक्तीने कळतं. दोन्हींत मीटर सतत बीप वाजवत राहिला तर पुरवठा शॉर्ट आहे. क्षणभर बीप वाजून थांबला तर घाबरू नका, कपॅसिटर भरत असतो. आमचा मीटर इथे गप्प होता. तिथे हायसं वाटलं.

चौथी पायरी: उखडलेलं पॅड

पॅडची अवस्था तीन प्रकारची असते.

पॅड उचललं गेलंय पण प्रिंटला अजून धरून आहे, तर तुम्ही नशीबवान. त्याला सरळ करून खाली दाबा, कडेने पातळ इपॉक्सी किंवा यूव्ही मास्क (अतिनील उजेडात कडक होणारा लेप) लावा, पूर्ण वाळू द्या. त्यानंतरही त्याच पॅडवर सोल्डर करायची हौस नको. लाइन वाचली ना, मग वायर दुसऱ्या स्टेशनवरून घ्या.

पॅड गेलंय पण प्रिंट उरलीय, ही नेहमीची परिस्थिती आणि आमचीही तीच. प्रिंटवर हिरवा थर असतो तो खरवडून तांबं उघडं करावं लागतं. ब्लेड उभं धरायचं, जवळजवळ काटकोनात, आणि वजन न देता खरवडायचं. कापायचं नाही. वांग्यावर सुरी फिरवल्यासारखं हात चालला तर प्रिंट आडवी कापली जाते. हिरवी भुकटी निघत राहते आणि मग एकदम गुलाबी चमक दिसते. तिथे थांबा. दोन मिलिमीटर पुरे. शेजारची प्रिंट उघडी पडली तर तिच्यावर कॅप्टन टेपची चिंधी लावा.

उघड्या तांब्यावर फ्लक्सचा थेंब, टोकावर राईच्या निम्म्याएवढं सोल्डर, आणि ३२० ते ३५० अंशांवर एक सेकंद स्पर्श. तांबं पांढरं झालं की कल्हई लागली. आता तार. इनॅमलच्या तारेवर लाखेसारखा थर असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही. आयर्न ३८० वर न्या, टोकावर सोल्डरचा मोठा थेंब घ्या आणि तारेचं टोक त्यात बुडवून धरा. धूर निघतो, थर जळतो, टोक चकचकीत होतं. धूर नाकात घेऊ नका. हे बोर्डपासून लांब करायचं, आणि आयर्न परत ३४० वर आणूनच बोर्डकडे वळायचं. एकदा मी तसाच ३८० वर गेलो होतो. चांगलं असलेलं शेजारचं पॅड पाटावरच्या पापडासारखं सुटलं.

तार आधी मोजून, वाकवून, बोर्डवर आडवी झोपवा. दोन ठिकाणी कॅप्टन टेपने चिकटवा. मगच टोकाला आयर्न टेकवा. हात थरथरला तरी तार हलणार नाही, हा टेपचा उपयोग. एक टोक प्रिंटच्या उघड्या तुकड्यावर, दुसरं एल स्विचच्या पायावर. तार ताठ नको. मध्ये किंचित झोळ हवा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी हिसका दिला तर तो झोळ खाईल, सांधा नाही. मोबाइलवाले याला जंपर मारणं म्हणतात. जंपर दिसायला बावळट असला तरी चालतो. सांधा मात्र चमकदार आणि उतरत्या कडांचा हवा. फुगलेला, मणी बसवल्यासारखा दिसला तर तो नुसता टेकलेला आहे.

तिसरा प्रकार म्हणजे पॅड, प्रिंट आणि आरपार जाणारं बारीक भोक, म्हणजे व्हाया, सगळंच गेलंय. मग बोर्ड उलटा करून त्याच लाइनचा दुसरा टप्पा शोधायचा आणि कडेवरून तार वळवून न्यायची. चिपच्या पायालाच वायर जोडण्याचे व्हिडिओ दिसतात. भिंगाखाली हात बसलेला नसेल तर ते काम फुटपाथवर मायक्रोस्कोप मांडून बसलेल्या मोबाइलवाल्याला द्या. ही मंडळी दिवसभर त्याहून बारीक काम करतात. फक्त "बघा काय झालंय" म्हणून सोडून येऊ नका. नकाशाचा कागद पुढे ठेवा आणि सांगा, "दादा, इथून इथपर्यंत एक जंपर मारा, हॉट एअर लावू नका."

वितळलेला एल स्विच दाबला की परत यायचा, म्हणून मी तो तसाच ठेवला. दिसायला खराब, पण कामाला चोख. बदलायचा तर चार सांधे तापवावे लागले असते, आणि त्या कोपऱ्याने आधीच पुरेसा ताप सोसला होता.

पाचवी पायरी: सोल्डरची गोळी आणि फ्यूज

पॉवर स्विचमधली गोळी काढायला फ्लक्स आणि विक. विक गोळीवर ठेवून वरून आयर्न. सोल्डर तांब्याच्या जाळीत शोषलं जातं. विक आणि आयर्न एकदमच उचला. आधी आयर्न उचललं तर विक बोर्डला चिकटून राहते आणि ओढली की पुन्हा पहिल्यापासून.

गोळी निघाली तरी बोर्डला जीव नव्हता. सेलच्या धन पट्टीपासून पुढे वाटेत एफ १ नावाचा फ्यूज लागतो. त्याच्या दोन टोकांत बीप वाजायला हवा, तो नव्हता. भाच्याने अर्धवट उघड्या बोर्डला सेल लावून बघितले तेव्हा गोळीने शॉर्ट केलं आणि फ्यूजने स्वतःचा जीव देऊन बाकीचं वाचवलं.

फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा लावणारे खूप आहेत. गेम चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पण पुढच्या शॉर्टला मधे आडवं यायला कोणी नसतं. त्याच मापाचा फ्यूज दुसऱ्या मेलेल्या गेम बॉयच्या बोर्डवरून काढून लावला. काढताना दोन्ही टोकं आळीपाळीने तापवायची, चिमट्याने ओढाताण नाही. फ्यूज लावायच्या आधी शॉर्टची तपासणी परत एकदा. कारण शोधल्याशिवाय फ्यूज बदलणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली बदलणं.

रिबनची खोबण

यावर थोडक्यात. खोबणीची दोन्ही बाजूंची कानं आधी सैल करायची, मग रिबन घालायची. ती नखाने उपटली तर तुटतात. एक कान तुटलं असेल तर रिबनच्या पाठीवर कॅप्टन टेपचा एक थर वाढवून घट्ट बसते. पडदा पांढरा किंवा काळा राहिला तर बोर्डला दोष द्यायच्या आधी रिबन बघा. या मॉडेलमध्ये ४० पिनांचा आणि ३२ पिनांचा असे दोन प्रकार आहेत, आणि बऱ्याच किटमध्ये दोन्हींच्या रिबन येतात. भाच्याने बरोबर वापरली होती, पण तिरकी घातली होती.

सहावी पायरी: पुन्हा धुणं, झाकणं आणि पावसाळा

फ्लक्स ठेवू नका. मुंबईच्या जुलैत हवेतच इतकं पाणी असतं की मीठ बरणीत दगड होतं. तीच हवा फ्लक्सच्या थरात ओल धरते आणि दोन-तीन महिन्यांत तांब्यावर हिरवट बुरशीसारखा गंज येतो. अल्कोहोलने दोनदा धुवा, दुसऱ्यांदा स्वच्छ कापसाने. वाळवायला बोर्ड फ्रीजच्या मागच्या गरम हवेत उभा ठेवला. ड्रायर चालतो, पण थंड झोतावर आणि हातभर लांबून.

मग जंपरवर आणि खरवडलेल्या जागेवर यूव्ही मास्कचा पातळ थर. यूव्ही टॉर्चखाली काही मिनिटांत कडक होतो. उन्हातही होतो, पण आमच्याकडे त्या आठवड्यात ऊन नव्हतंच. स्विचच्या हलणाऱ्या भागात मास्क गेला तर बटण कायमचं मुकं होतं, म्हणून तिथे थेंब टूथपिकने लावायचा.

नव्या पडद्याची पाठ धातूची असू शकते आणि बोर्डवर कॅसेटच्या खोबणीच्या पिनांची टोकं वर आलेली असतात. दोघांमध्ये कॅप्टन टेपचे दोन थर हवेतच. हे राहिलं म्हणून मागचं सगळं काम वाया गेलेले बोर्ड मी पाहिलेत.

सातवी पायरी: करंट देणं

बेंच सप्लाय (व्होल्ट आणि करंट ठरवता येणारा पॉवर सप्लाय) असेल तर ३ व्होल्ट, करंटची मर्यादा अर्धा अँपिअर. मूळ गेम बॉय दोन सेलवर सुमारे १५ तास चालायचा, म्हणजे खातो थोडंच. उजळ पडदा त्यापेक्षा जास्त खातो. सप्लाय लगेच मर्यादेला टेकला तर बंद करा आणि परत शॉर्ट शोधा.

सप्लाय नसेल तर जुन्या रेडिओवाल्यांची युक्ती. सेल आणि बोर्डच्या मध्ये टॉर्चचा छोटा बल्ब सिरीजमध्ये लावायचा. बोर्ड शॉर्ट असेल तर बल्ब भकाभक पेटतो आणि करंट तिथेच अडतो. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर शॉर्ट नाही. बल्ब लावलेला असताना गेम चालू होईल अशी अपेक्षा ठेवू नका, व्होल्टेज तेवढा उरत नाही. पहिल्यांदा खऱ्या सेलवर लावताना अल्कलाइनऐवजी साधे स्वस्त झिंक-कार्बनचे घाला. शॉर्ट असलाच तर ते तेवढा करंट ओतू शकत नाहीत.

कॅसेट न घालता स्विच सरकवा. गेम बॉयचं नाव पडद्यावर आलं, आवाज आला, की अर्धी लढाई जिंकली. बोट चिपवर ठेवा. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद. मग खोबणीतल्या पुरवठ्याच्या पिनवर मीटर: ३.३ व्होल्टच्या आसपास हवं. मीटरची काडी सटकून शेजारच्या पिनला टेकू देऊ नका. पाच व्होल्ट दिसले तर खोबणीतला बारीक स्विच दाबला गेलाय. तो जुन्या गेम बॉयच्या कॅसेटा ओळखण्यासाठी असतो. कॅसेट घातल्यावर नाव दिसून पुढे काही झालं नाही, तर कॅसेटचे पितळी दात अल्कोहोलने पुसा. फुंकर मारू नका. लहानपणी सगळ्यांनी मारली आहे, आणि थुंकीची ओल त्या दातांवर बसवली आहे.

चिप तापतेय, करंट भरमसाट खातेय, आणि शॉर्ट बाहेर कुठेच सापडत नाही, अशी वेळ आली तर बोर्ड सोडून द्या. तो पुढच्या कोणाच्या तरी फ्यूजसाठी आणि स्विचसाठी जपून ठेवा.

बंद करताना

कवच बंद करताना प्लास्टिकच्या भोकात स्क्रू आधी उलटा फिरवा. बारीक "टक्" असं बोटाला जाणवतं, म्हणजे तो जुन्या आट्यांत बसला. मग सुलटा. नाहीतर दरवेळी नवे आटे पडतात आणि चौथ्या वेळेला स्क्रू नुसता फिरत राहतो. वायरी स्क्रूच्या खांबांखाली चिरडत नाहीत ना, हे शेवटचं बघून घ्या. आमची सिलेक्टची वायर तिथेच आली होती.

सिलेक्ट दाबून एल दाबलं, पडदा मंदावला. आर दाबलं, उजळला. भाच्याने दहा वेळा करून बघितलं, आणि अकराव्या वेळी म्हणाला, "मामा, आता याला टाइप-सी चार्जिंग बसवूया? किट मिळतं."

मी चोरबाजारातून आणलेला डीव्हीडी प्लेअरचा बोर्ड त्याच्या हातात दिला. म्हटलं, याची पाच पॅडं उखड, पाच जंपर मार, पाचही बीप वाजवून दाखव. मग बघू.

दोन झालीत. तिसऱ्याला त्याने शेजारचंही उखडलंय.